प्रिंट खराब आहे

सीडी परत द्यायला गेलो तेव्हा दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, म्हणून मी मुद्दाम आवाज चढवून म्हणालो, "अण्णा, प्रिंट खराब आहे. पैसे परत द्या." 2002 साल असावं. बेळगावात तेव्हा गल्लीबोळात व्हीसीडी भाड्याने मिळायच्या. दिवसाचे दहा रुपये. आम्ही चौघांनी अडीच-अडीच रुपये काढले होते, म्हणजे माझं नुकसान अडीच रुपयांचं. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

दुकानदाराने सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, ओरखडे बघितले, शर्टाला पुसली आणि मागच्या टीव्हीवर लावली. झाडं. हलणारी झाडं. मग कुणाचे तरी बूट. मग पुन्हा झाडं, आणि धापा टाकत काहीतरी बोलणारी एक बाई. त्याने शांतपणे दोन मिनिटं बघितलं आणि सीडी काढून माझ्या हातात दिली.

"प्रिंट चांगली आहे की. पिक्चरच असा आहे."

आमची चूक समजण्यासारखी होती. थेटर प्रिंट हा प्रकार आम्हाला चांगला ठाऊक होता. कुणीतरी थेटरात कॅमेरा लपवून नेलेला असतो, मधेच कुणी लघवीला उठतं आणि नायिकेच्या तोंडावरून एक काळं डोकं जातं. आवाज विहिरीतून आल्यासारखा. आम्हाला वाटलं, त्यातलाच हा वाईट नमुना. इंग्रजी कळत नव्हतं, चित्र धड दिसत नव्हतं, भूत शेवटपर्यंत आलंच नाही. चौघांपैकी दोघे झोपले. पैसे परत मिळाले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटाच तो पुन्हा बघत बसलो, वसुलीच्या भावनेने. घरात कुणी नव्हतं. शेवटच्या मिनिटात तो पोरगा भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा दिसतो, बस्स, एवढंच. मी उठून आमच्या मधल्या घरातला दिवा लावला. दुपारचे साडेतीन वाजले होते.

तो 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' होता. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी केलेला, 1999 साली आलेला. पुढे बरंच वाचलं त्याच्याबद्दल. गोष्ट अशी की, सिनेमा शिकणारी तीन पोरं अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जातात, परत येत नाहीत, आणि नंतर नुसतं त्यांचं चित्रीकरण सापडतं. सापडलेलं म्हणून फाउंड फुटेज. प्रत्यक्षात 1997 च्या ऑक्टोबरात आठ दिवस शूटिंग झालं, आणि ते नटांनीच केलं. एक साधा व्हिडिओ कॅमेरा, एक सोळा एमएमचा, काळा-पांढरा. दिग्दर्शक लांब राहायचे, ठरलेल्या जागी फिल्मच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवायचे, प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी, एकाची दुसऱ्याला कळायची नाही. रात्री तंबूबाहेर आवाज काढायचे, तंबू हलवायचे. जेवण रोज थोडं थोडं कमी करायचे. त्या पोरांची चिडचिड खरी होती ती त्यामुळे. मूळ शूटिंगचा खर्च काही दहा हजार डॉलरच्या घरातला, आणि जगभरातली कमाई सुमारे 24.8 कोटी डॉलर.

आकडे राहू देत. मला पहिल्यांदा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. ती पोरं दिवसभर एका दिशेने चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. तिथे ती मुलगी जे ओरडते त्यातला एक शब्द मला कळला नाही, तरी मला त्या प्रकाराचं नाव माहीत होतं. चकवा. अहो, चकवा लागलाय त्यांना! आमची आजी तिथे असती तर तिने टीव्हीकडे बघून सांगितलं असतं, चालू नका पोरानो, आहात तिथे बसून राहा, कोंबडा आरवेपर्यंत उठायचं नाही. जंगलात चालणाऱ्याला वाट फिरवते ती गोष्ट अमेरिकेत चेटकीण म्हणवते आणि आमच्या बेळगावजवळच्या जांबोटीच्या रानात चकवा, एवढाच फरक.

आजी खानापूर तालुक्यातली. तिच्या भुताच्या गोष्टी मी बारकाईने ऐकायचो, आणि आता कळतं की ती कधीही 'मी बघितलं' म्हणायची नाही. तिचं वाक्य ठरलेलं असायचं: "मी काय बघितलं नाही, खरं आमच्या थोरल्या भावानं बघितलं." बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. येणार होतो खरं पाऊस आला. पुण्याचा माणूस हे ऐकून गोंधळतो. मला मात्र वाटतं भुताच्या गोष्टीसाठी याहून चांगलं उभयान्वयी अव्यय जगात नसेल. मी बघितलं नाही, खरं.

आणि मग ती पुरावे द्यायची. भुताचे नव्हेत, भलतेच. भाऊ कुठल्या बाजाराहून येत होता, पिशवीत किती बांगडे होते, त्या वर्षी पाऊस किती लांबला होता, कुणाची बैलगाडी पुढे निघून गेली होती. गोष्टीशी ज्याचा काही संबंध नाही असा तपशील ती सावकाश मांडायची. भूत यायचं एका वाक्यात आणि जायचं. हे सिनेमे नेमकं तेच करतात. पहिला अर्धा तास दुकानात सामान घेणं, गाडीत फालतू विनोद, कॅमेऱ्याची बॅटरी किती उरली. लोक कंटाळतात. अहो, तो कंटाळा म्हणजे बांगडे आहेत. बांगडे किती होते ते माहीत असणारा माणूस भुताबद्दल खोटं कशाला बोलेल?

त्या दिवसांत मी लग्नाच्या शूटिंगवर लाइट धरायला जायचो. सनगन म्हणतात त्याला. हजार वॉटचा हॅलोजन, उजव्या हातात उंच धरायचा, मागे वायर ओढत न्यायची, आणि कॅमेरावाला जिकडे वळणार त्याच्या अर्धा सेकंद आधी तिकडे वळायचं. मंगळसूत्र बांधताना भटजींच्या टकलावर उजेड पडू द्यायचा नाही. वधूची आई रडायला लागली की तिच्या तोंडावर जायचं. यात मी वाकबगार झालो होतो. दिवसाचे पन्नास रुपये आणि जेवण.

कच्च्या कॅसेटी मिक्सिंगला जायच्या आधी मालक मला त्या बघून कुठे काय आहे ते वहीत लिहायला सांगायचे. तिथे मला एक गंमत सापडली. खांद्यावरच्या त्या मोठ्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण एकच. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कधी घाईत एक दाब चुकायचा, आणि मग सगळं उलटं. सप्तपदी घेतोय असं वाटतं तेव्हा कॅमेरा बंद, आणि सप्तपदी संपली म्हणून खाली सोडला की चालू. अशा एका कॅसेटवर अकरा मिनिटं होती. कॅमेरा पट्ट्याला लटकलेला, चित्र तिरकं. मांडवाचं जाजम, त्यावर तुडवलेल्या अक्षता, एक सुटी चप्पल, येणारे-जाणारे पाय. आणि वर कुठेतरी दोन पुरुषांचा आवाज. एक म्हणतो, उरलेले कधी देणार म्हणाले? दुसरा म्हणतो, आता नको, पोरगी ऐकेल. मग बराच वेळ कुणी काही बोलत नाही. आणि चौकटीच्या कडेला हिरव्या शालूचा काठ आणि जोडवी घातलेलं एक पाऊल. ते हलत नाही. ते तिथे किती वेळ होतं कोण जाणे.

बाकी तीन तासांच्या कॅसेटीत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात, नमस्कार करतात, एकमेकांना पेढे भरवतात. त्यात मला काहीच आठवत नाही. ते पाऊल आठवतं. मालकांनी ती अकरा मिनिटं उडवली आणि त्या जागी गुलाबाचं फूल उमलून त्यात नवरा-नवरी दिसतात तो इफेक्ट टाकला.

या प्रकारच्या सिनेमावर एक नेहमीचा आक्षेप असतो. मरायची वेळ आली तरी हा कॅमेरा टाकून पळत का नाही? अगदी रास्त आहे. खरं, मी एका लग्नात मांडवाच्या पडद्याने पेट घेतलेला बघितलाय. शॉर्टसर्किट. बायका-पोरं ओरडत बाहेर धावली. आमचा कॅमेरावाला जागचा हलला नाही, आगीवर फोकस लावत उभा. आणि मी? मी त्याच्यासाठी पेटलेल्या पडद्यावर लाइट धरून उभा होतो. आगीवर लाइट! विझवाविझव झाल्यावर मी त्याला विचारलं, पळाला का नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं ते आत चाललंय." आत म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये. एक डोळा त्या रबरी कपात घातला की माणूस तिथे असूनही तिथे नसतो. बार्सिलोनातल्या एका इमारतीत अडकलेल्या टीव्हीवाल्यांचा 'रेक' नावाचा स्पॅनिश सिनेमा 2007 साली आला. त्यात शेवटी कॅमेऱ्याचा लाइट फुटतो आणि काळोखात नाइट व्हिजनवर सगळं हिरवं हिरवं दिसायला लागतं. बाकी लोक त्या खोलीतल्या प्राण्याला घाबरले असतील. मी घाबरलो ते लाइट गेला म्हणून.

इतिहास सांगणारे या प्रकाराचा उगम 1980 च्या 'कॅनिबल होलोकॉस्ट' या इटालियन सिनेमापाशी नेतात. रुग्गेरो देओदातोने केलेला. त्याने नटांकडून लिहून घेतलं होतं की सिनेमा आल्यावर वर्षभर तुम्ही कुठे दिसायचं नाही. ते इतकं अंगाशी आलं की नट खरोखर मारले काय अशी शंका येऊन प्रकरण कोर्टात गेलं आणि नट जिवंत असल्याचं दाखवावं लागलं. नट जिवंत होते. जनावरं मात्र त्यात खरीच मारली आहेत. तो सिनेमा मी पुरा बघू शकलो नाही आणि पुन्हा बघणारही नाही. खऱ्याचा आभास आणि खरं यांतली भिंत पाडायला निघालेल्या माणसाला कुठे थांबायचं हे कळलं पाहिजे.

'ब्लेअर विच'वाल्यांनी तीच युक्ती सौम्यपणे वापरली. बेपत्ता म्हणून पोस्टर लावली, इंटरनेटवर खोटी साधनसामग्री टाकली, नटांची खरी नावंच पात्रांना दिली. त्यातल्या हेदर डोनाह्यूच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली म्हणे! पोरगी घरात जिवंत, आणि टपालात दुखवटा. आणि इथे मला कमी बजेट या शब्दाचा राग येतो. खर्च कमी म्हणजे तो कुणीतरी दुसऱ्याने सोसलेला असतो. शूटिंग ज्यांनी केलं, संवाद ज्यांनी जागच्या जागी रचले, उपाशी जे राहिले, त्या तिघांनी 2024 साली जाहीर पत्र लिहून आपल्या वाट्याचा मोबदला मागितला. पंचवीस वर्षांनी. लाइट धरणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही.

नंतरचा मोठा सिनेमा 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'. ओरेन पेलीने सान दिएगोतल्या स्वतःच्याच घरात सात दिवसांत केला, सुमारे 15,000 डॉलरमध्ये. 2007 मध्ये महोत्सवात दाखवला, 2009 साली सगळीकडे लागला आणि 19 कोटी डॉलरवर धंदा केला. यात रात्रीच्या प्रसंगांत कॅमेरा हलतच नाही. झोपायच्या खोलीत तिवईवर ठेवलेला, कोपऱ्यात घड्याळ. रात्री त्या घरातली पोरगी उठते आणि झोपलेल्या आपल्या मित्राकडे बघत उभी राहते, आणि घड्याळ भराभर पळायला लागतं. एक तास, दोन तास. ती उभीच. जगभर लोकांची गाळण उडाली म्हणतात. आमच्या घरात तो आम्ही सगळ्यांनी मिळून बघितला. "मला काय भीती नाही, मी बघतो की," म्हणत ताईही बसली. (होय, आमच्याकडे बायकाही 'बघतो' म्हणतात.) पण कुणी घाबरेना. कारण मधल्या घरात आम्ही आठ जण ओळीने झोपणारे. रात्री कोण उठतंय, कोण उभं आहे, कोण कुणाच्या पायावर पाय देऊन मोरीकडे जातंय, याला काही गणतीच नाही. तिथे भूत येऊन दोन तास उभं राहिलं असतं तर काकूने झोपेतच सांगितलं असतं, सरक तिकडे, वारा अडतोय. ही भीती परवडायला घरात एक रिकामी खोली लागते.

तरी त्यातल्या एका प्रसंगाला सगळे गप्प झाले. तो मित्र रात्री दाराबाहेर पावडर पसरून ठेवतो, कोण येतं बघायला. मग पावडरीत पावलं. माणसाची नव्हेत. टीव्हीसमोर कुणी काही बोललं नाही, कारण त्याच्या तीन वर्षं आधी आजोबा गेले तेव्हा आम्ही हेच केलं होतं. रात्री कोपऱ्यात पीठ पसरायचं, त्यावर दिवा, वर टोपली झाकायची. सकाळी बघायचं पाऊल कुणाचं उमटलंय; गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं. मला ती सकाळ स्पष्ट दिसते. आजी आणि काकू वाकलेल्या, पदर तोंडाला धरलेला, श्वासाने पीठ उडू नये म्हणून. पिठात तीन बारीक रेघा, एका टोकाला जुळलेल्या. "पाखरू," काकू म्हणाली. काका मागून म्हणाले, उंदीर असेल. आजीने त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. तिने ते पीठ हाताने सपाट करायला अर्धा तास घेतला.

रात्रभर उघडी ठेवलेली पाटी आणि सकाळी वाचायची खूण. कॅमेरा नंतर आला, एवढंच.

आता आमच्या सिनेमाबद्दल. व्हीसीडीच्या त्या प्रकरणानंतर आम्हा चौघांना वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. झाडं आहेत, बूट आहेत, धापा टाकता येतात. मालकांचा कॅमेरा एका रात्रीपुरता मिळाला (मालकांना विचारून, असं मी अजूनही म्हणतो). जांबोटीच्या पुढे आमच्या एका मित्राचं गाव. दिवस भातकापणीच्या तोंडावरचे, ऑक्टोबर सरता सरता. सनगनला वीज लागते, जंगलात वीज कुठली? म्हणून भजनी मंडळाची गॅसबत्ती मागून आणली. एकूण खर्च रॉकेल, मेंटल, चिरमुरे आणि चहा धरून 85 रुपये. डॉलरमध्ये किती होतात ते पेलीसाहेबांना विचारावं.

रात्री साडेदहाला निघालो. गॅसबत्ती माझ्याकडेच, लाइटचा माणूस म्हणून. एकाच्या खांद्यावर कॅमेरा. भूत दाखवायची ऐपत नव्हती म्हणून भूत दाखवायचं नाही असं ठरलं, फक्त बाईच्या रडण्याचा आवाज. आमच्यातला एक जण नकला चांगल्या करायचा, तो झुडपामागे बसला. पहिल्यांदा तो रडला ते रेड्यासारखं. दुसऱ्यांदा चांगला रडला तर मधेच खोकला. तिसऱ्यांदा असा काही रडला की माझ्या हातातली बत्ती हलली. वरच्या पट्टीत, लांबलचक, मोडत मोडत. आणि शेवटी त्याला स्वतःलाच हसू आवरलं नाही. खूप वेळ हसला. मग काहीतरी जड पाचोळ्यातून चालत गेलं आणि आम्ही सगळे गप्प झालो. त्या रानात अस्वलं आहेत आणि गवे आहेत, आणि अस्वलाला दंतकथेत रस नसतो. बत्ती उंच धरून आम्ही जी वाट धरली ती गावाकडची नव्हे, हे अर्ध्या तासाने कळलं. दीड-दोन तास फिरलो. एकच वारूळ दोनदा लागलं. कुणी तो शब्द उच्चारला नाही.

ती कॅसेट कुणीही बघितली नाही. आठवड्याभरात मालकांनी ती रिकामी समजून कुणाच्या तरी बारशाला वापरली. आमच्या अंधारावर आता पाळणा म्हणणाऱ्या बायका आहेत.

2013 च्या अखेरीस कन्नडमध्ये '6-5=2' आला. के. एस. अशोक यांचा. सहा जण पश्चिम घाटात ट्रेकला जातात. कन्नडमधला पहिला फाउंड फुटेज सिनेमा, लगेच पुढच्या वर्षी त्याचा हिंदी अवतारही निघाला. हिंदीत त्याआधी 2011 मध्ये 'रागिनी एमएमएस' येऊन गेला होता, पण तो एका शेतघरात घडतो. शेतघर काय, कुठेही असतं. '6-5=2' मी ऑफिसातल्या एका धारवाडकडच्या मित्राबरोबर बघितला. पडद्यावरचं रान माझ्या ओळखीचं होतं. तीच ओली माती, तोच अर्धवट उजेड. थेटरातून बाहेर पडताना पुढची दोन पोरं कन्नडमध्ये वाद घालत होती की सहातून पाच गेले तर दोन कसे उरतात. बाहेर चहा पिताना मित्राने एक गोष्ट सांगितली. त्याच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, अफवा उठली होती की रात्री एक बाई दारावर थाप मारते, ओळखीच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडलं की माणूस गेला. म्हणून लोकांनी दारावर लिहून ठेवलं: 'नाळे बा'. उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते. "तू ऐकलीस हाक?" मी विचारलं. तो हसला. त्याच्या शेजारच्या घरी ऐकली होती.

आणि ही दोन भाषांची गंमत बघा. कन्नडमध्ये भुताला म्हणतात देव्व. लहानपणी बाजारात कुणी कन्नड बाई पोराला दटावायची, गप्प बस नाहीतर देव्व येईल, तेव्हा मला वाटायचं, मग येऊ दे की.

बेळगावकरांनी मात्र खरं फाउंड फुटेज बघितलं ते 2022 च्या ऑगस्टमध्ये. आधी जाधव नगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ कोर्सच्या झाडीत. परिसरातल्या शाळांना सुट्ट्या पडल्या. वनखात्याने पिंजरे लावले, कॅमेरे लावले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या हत्ती-तळावरून हत्ती आणले. बिबट्या काही हाती लागला नाही. पण ते कित्येक दिवस अख्खं शहर फोनमध्ये डोकं घालून तीन-चार सेकंदांच्या क्लिपा बघत होतं. कोपऱ्यात तारीख-वेळ, राखाडी रस्ता, उभी स्कूटर, कंपाउंडची भिंत. काहीच घडत नाही, काहीच घडत नाही, मग भिंतीवरून काहीतरी सरकतं. पुन्हा बघायचं. थांबवून बघायचं. यातल्या निम्म्या क्लिपा दुसऱ्याच कुठल्यातरी गावच्या होत्या. आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर कुत्रं दिसेना. एका रात्री साफ चित्रात एक बिबट्या आला, प्रत्येक मिशी मोजता यावी असा. सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला, हा खोटा. कुठल्यातरी चॅनेलवरचा असणार. आपला बिबट्या असा दिसत नाही, आपला पुसट आहे.

लॉकडाऊनमध्ये 2020 साली 'होस्ट' आला होता, सगळाच्या सगळा झूम कॉलवर, तासाभरापेक्षा छोटा. रॉब सॅव्हेज या दिग्दर्शकाने नटांच्या घरी पाऊलही न टाकता केला. तो मी फोनवर बघितला, पांघरुणात. पूर्वी पडद्यावरच्या माणसाच्या हातात कॅमेरा का आहे हे समजावून सांगावं लागायचं. आता कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षीच्या पावसात कामानिमित्त कणकुंबीकडे जाऊन येत होतो. जांबोटीला पाऊस इतका वाढला की गाडी बाजूला लावून चहाच्या टपरीत शिरलो. तिथे वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा फोन चार्जिंगला लावून बसला होता. बोलता बोलता मी त्या मित्राच्या गावाचं नाव काढलं.

"त्या वाटेनं रात्री जाऊ नका काका," तो म्हणाला.

"का रे? अस्वल?"

"अस्वल असतंय. खरं अस्वलाचं काय नाही." त्याने आवाज खाली आणला. "तिथं दिवा फिरतोय. पांढरा. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर. सुगीच्या तोंडाला, अमावस्येच्या आसपास. गावात माळ्यावर राखणीला बसलेल्या लोकांनी बघितलाय. दोन तास फिरत होता, त्याच त्याच जागी. आणि बाई रडती."

"बाई?"

"हां. तीनदा रडती. पहिल्यांदा जनावरागत. मग खोकती. आणि शेवटच्याला हसती. खूप वेळ."

टपरीवाल्याने मान डोलावली, हे त्यालाही माहीत होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी ग्लास खाली ठेवला.

"तू बघितलास काय?"

"मी नाही बघितलं," तो म्हणाला, "खरं आमच्या काकांनी बघितलं. त्या दिवशी त्यांच्या बोचक्यात कांदे होते, साडेतीन किलो."